इंटर्नला विमा विकायला बसवू नका, कर्जाची फाईल शिकवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी इचलकरंजीची. एम. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वित्त. आमच्या अभ्यासक्रमात पहिले वर्ष संपले की उन्हाळ्यात एखाद्या संस्थेत राहून काम शिकावे लागते. मला आमच्याच गावातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा मिळाली. तिथे पाहिलेले काही फार चांगले होते, काही पाहून मन खट्टू झाले. दोन्ही सांगावे म्हणून हे पत्र. बँकेचे, शाखेचे किंवा कॉलेजचे नाव लिहीत नाही. निरनिराळ्या बँकांत गेलेल्या वर्गातल्या मुलामुलींकडून थोड्याफार फरकाने हेच ऐकले, तेव्हा सगळा दोष एका शाखेच्या माथी मारणे बरोबर होणार नाही.

माझे म्हणणे आधीच सांगते. लोकांच्या ठेवी घ्यायच्या आणि पारखून कर्जाऊ द्यायच्या, हे व्यापारी बँकेचे मूळ काम. त्यात अवघड आहे ते पारखणे. शिकायला आलेल्या मुलांना नेमके त्यापासूनच लांब ठेवतात आणि विमा विकायला बसवतात. दुसरीकडे आमच्या गावात असे कितीतरी छोटे यंत्रमागधारक आहेत, ज्यांचा धंदा चालू आहे, कामगारांचे पगार वेळेवर होतात, पण बँकेला समजेल अशा भाषेत त्यांची फाईल लिहून देणारे कोणी नाही. या दोघांची गाठ घालता येईल, असे मला मनापासून वाटते.

सुरुवातीचे दिवस काउंटरच्या बाजूला गेले. पासबुक छापून देणे, केवायसीचे कागद तपासणे, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पैसे भरायची स्लिप लिहून देणे. या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट खात्याला नॉमिनी लावणे, म्हणजे आपल्या मागे पैसे कोणाच्या हाती द्यायचे ते नाव नोंदवणे, किती महत्त्वाचे असते हे पुस्तकात एका ओळीत संपते, ते मला तिथे कळले. नवरा अचानक गेलेल्या एक मावशी त्याच्या खात्यातल्या थोड्याशा रकमेसाठी पुन्हा पुन्हा येत होत्या. खात्याला नॉमिनी नव्हता. मग मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची संमतीपत्रे, त्यांच्या सह्या, साक्षीदार, आणि एक मुलगा कामासाठी सुरतेला. त्यानंतर समोर आलेल्या प्रत्येक पासबुकावर नॉमिनीची नोंद आहे का, हे मी न सांगता बघू लागले.

मग आला विमा. पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा या दोन योजनांचे फॉर्म मी आनंदाने भरून घेतले. वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचे जीवन संरक्षण आणि २० रुपयांत २ लाखांचे अपघात संरक्षण, हे माग चालवणाऱ्या माणसाच्या घरासाठी खरोखर उपयोगाचे आहे. पण शाखेला हवे असायचे वेगळेच. वर्षाला पन्नास हजार, लाख रुपये हप्ता असलेल्या पॉलिस्या. त्यांचे टार्गेट असते, त्यासाठी खास 'लॉगिन डे' (नव्या पॉलिस्या नोंदवायचे दिवस) असतात, आणि संध्याकाळी वरून फोन येतो की आज किती झाल्या. आम्हा इंटर्न मुलांच्या हातात ठेवींची मुदत संपत आलेल्या ग्राहकांची यादी देऊन फोन करायला सांगत. ठेव मोडून पॉलिसी घ्या, असे थेट म्हणायचे नाही. 'याहून चांगली योजना आली आहे, एकदा शाखेत येऊन जा' इतकेच म्हणायचे.

एस. टी. तून निवृत्त झालेले एक काका त्या काळात आले होते. निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत ठेवायला आलेले काका पॉलिसी घेऊन घरी गेले. काही दिवसांनी पॉलिसीचे पुस्तक हातात घेऊन परत आले आणि मला विचारू लागले, "पोरी, हे पुढच्या वर्षी पण भरायचं असतंय काय?" दहा वर्षे दर वर्षी १ लाख रुपये भरायचे होते. त्यांना येणारे पेन्शन महिन्याच्या किराण्यालाही पुरत नव्हते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते याच शाखेत उघडता आले असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. हा नियम मला कर्ज विभागातल्या मॅडमनी सांगितला. अर्ज मी लिहून दिला. पैसे परत आले.

पॉलिसी विकणारा मुलगा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. स्वभावाने सरळ. त्या काकांचे नुकसान व्हावे असे त्याच्या मनात नव्हते. पण रोज संध्याकाळी ज्याला आकडा विचारला जातो त्याच्या डोळ्यांसमोर आकडाच राहतो. बँकेतली नोकरी हा असा आकडा आहे, असे शिकायला आलेल्या मुलांच्या मनावर पहिल्याच उन्हाळ्यात बिंबते. मला याची खरी काळजी वाटते, कारण आमच्यातलेच काही जण उद्या परीक्षा देऊन अधिकारी होणार आहेत.

आता चांगल्या गोष्टीकडे येते.

त्याच मॅडम अमरावतीकडच्या. बदलीवर इकडे आलेल्या. काकांच्या अर्जानंतर त्यांनी मला विचारले, की कर्जाच्या फायली बघायच्या आहेत का. बघायच्या होत्याच. त्यांनी व्यवस्थापकांशी बोलून माझ्याकडून गोपनीयतेचे हमीपत्र लिहून घेतले आणि मला आपल्या टेबलाशेजारी बसवले. माझे खरे शिक्षण तिथून सुरू झाले.

पहिली फाईल एका खर्चीवाल्याची होती. बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. आमच्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, आणि त्यानंतर सारे गाव मागांवर उभे राहिले. इथे स्वतः सूत विकत घेऊन कापड विणणारे आणि विकणारे आहेत, आणि व्यापाऱ्याचे सूत घेऊन फक्त मजुरीवर कापड विणून देणारेही आहेत. हे दुसरे ते खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचे, तयार कापडही व्यापाऱ्याचेच. माग, शेड, वीज, कामगार आणि सगळी दगदग खर्चीवाल्याची. मजुरी पिकावर, म्हणजे कापडात बसणाऱ्या आडव्या धाग्यांवर ठरते, तीही पैशांत.

या गृहस्थांचे २४ साधे माग होते आणि वर्षाची मजुरी साधारण २५ लाख. त्यांना खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे उचलायचे कर्ज, हवे होते. छोट्या उद्योगांना खेळते भांडवल किती द्यायचे याचे एक सोपे सूत्र नायक समितीपासून चालत आले आहे. पी. आर. नायक यांच्या अध्यक्षतेखालची ही समिती रिझर्व्ह बँकेने १९९१ मध्ये नेमली होती. वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज धरायची. त्यातले उलाढालीच्या २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के मालकाने घालायचे. म्हणजे २५ लाखांवर गरज सव्वासहा लाखांची, बँकेचे ५ लाख आणि त्यांचे स्वतःचे सव्वा लाख. परीक्षेत हे गणित मी दोन मिनिटांत सोडवले असते आणि पूर्ण गुणही मिळाले असते.

पण या माणसाला आधी दोन ठिकाणी नकार मिळालेला होता, आणि तो का मिळाला हे गणितातून कळत नाही. कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर झाली तरी त्यातून प्रत्यक्ष किती उचलता येईल हे दर महिन्याच्या साठ्यावर आणि येण्यावर, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायच्या पैशांवर ठरते. खर्चीवाल्याच्या शेडमध्ये बीम (उभ्या धाग्यांचे रूळ) असतात, सूत असते, कापडाचे तागे असतात, पण त्यातले काहीच त्याचे नसते. साठा पत्रकात लिहायला त्याच्याकडे काही नाही. तारण म्हणून साठा मागणाऱ्या बँकेला तो रिकाम्या हाताने उभा असलेला दिसतो. त्याच मागांवर त्याने स्वतःचे सूत घालून कापड विकले असते तर उलाढाल कोटीच्या वर गेली असती आणि बँकेने खुर्ची पुढे केली असती. माग तेच, कामगार तेच, कष्टही तेवढेच.

त्याची गरज मात्र अगदी खरी आहे. कामगारांचा पगार दर आठवड्याला, वीजबिल दर महिन्याला, आणि व्यापाऱ्याकडून मजुरी येते दीड-दोन महिन्यांनी. हा मधला काळ तो व्यापाऱ्याकडून उचल घेऊन काढतो. उचल घेतली की मजुरीच्या दरावर तोंड उघडता येत नाही. बँकेने नकार दिला म्हणजे एक कर्ज हुकले इतकेच होत नाही. पुढचे वर्षभर त्याने कमी मजुरीवर काम करायचे हे त्याच दिवशी ठरते, आणि मालकाला मजुरी कमी म्हणजे कामगारालाही कमी. आमच्या घरात ही साखळी लहानपणापासून माहीत आहे. माझे वडील एका कारखान्यात दिवाणजी, म्हणजे हिशोब लिहिणारे आहेत.

मॅडम मला म्हणाल्या, "ताळेबंद नंतर बघ गं. आधी लाईटबिलं काढ." दोन वर्षांची बिले आम्ही एका कागदावर उतरवली. त्याच्या शेजारी जीएसटी विवरणपत्रातली त्या त्या महिन्याची मजुरी, आणि त्याच्या शेजारी बँक खात्यातून दर आठवड्याला काढलेली रोकड. माग चालले की युनिट वाढतात, युनिट वाढले की मीटर कापड वाढते, पगारही वाढतो. दिवाळीच्या महिन्यात तिन्ही आकडे सोबत खाली. मंदीच्या महिन्यांतही तसेच. पण मध्ये दोन महिने असे दिसले की युनिट भरपूर, पगारही भरपूर, आणि मजुरीची बिले मात्र निम्मी. आधीच्या ठिकाणी बहुधा हेच बघून माणूस उलाढाल लपवतो असा अर्थ काढला असावा.

आम्ही शेडवर गेलो. मॅडमच्या दुचाकीवर मागे बसून मी त्या गल्लीत गेले तेव्हा गंमत वाटली, कारण त्या गल्ल्यांतून मी रोज शाळेला जात होते. आत एकाचे बोलणे दुसऱ्याला ऐकू येत नाही. मॅडम आधी चालू माग मोजत गेल्या, मग बंद असलेल्यांवरची धूळ बघितली, मग मीटरचे रीडिंग. कामगाराला कानाशी जाऊन विचारले की पगार कोणत्या वारी होतो आणि कधी चुकला का. मालकाने नंतर वह्या काढल्या. त्या वह्या मॅडमना वाचता येईनात, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. बीम कोणत्या तारखेला चढला, कितव्या मागावर, किती तारांचा, किती मीटर उतरले, कोणत्या चलनावर गेले, वहिफणीचे (उभे धागे मागासाठी ओवण्याचे) किती दिले, हे सगळे आखूड खुणांमध्ये लिहिलेले असते. तशाच वह्या माझे वडील लिहितात. दहावी-बारावीच्या सुट्ट्यांत मी त्यांच्यासोबत बेरजा करायला बसत असे. मी ती वही सरळ वाचून दाखवली.

त्या दोन महिन्यांचे कोडे तिथे सुटले. माल गेला होता, चलने होती, पण व्यापाऱ्याने 'बिल पुढच्या महिन्यात पाठव' असे सांगून दोन महिन्यांची बिले अडवून धरली होती. पुढच्या तिमाहीत ती एकदम आली होती आणि जीएसटीत दिसतही होती. म्हणजे लपवलेले काही नव्हते. उलट याच्याकडे तारण द्यायला साठा नसला तरी येणे आहे, आणि त्या येण्याचा दोन वर्षांचा हिशोब दाखवता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. कर्ज येण्यावर देता येते. फक्त ते येणे खरे आहे आणि वसूल होते, हे कोणीतरी बसून मांडावे लागते.

मॅडमनी त्याला आणखी एक गोष्ट समजावून सांगितली, जी त्याला आजवर कोणी सांगितली नव्हती. सरकारची उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, हा २००६ चा कायदा आहे. आयकर कायद्यातल्या दुरुस्तीनंतर, २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून, मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजावट म्हणून धरता येत नाही. व्यापाऱ्याशी भांडायची हिंमत सगळ्यांना नसते, हे मला कळते. काम दुसऱ्याकडे जाईल ही भीती खोटी नाही. पण आपल्या बाजूने कायदा आहे एवढे तरी माणसाला ठाऊक हवे.

दुसरा अडथळा सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणाऱ्या गुणांचा होता. गुण कमी होते आणि त्याला कारण कळत नव्हते, कारण त्याचा एकही हप्ता चुकला नव्हता. अहवाल उघडून बघितला तर मेहुण्याच्या गाडीच्या कर्जाला तो जामीन होता आणि मेहुण्याचे हप्ते थकले होते. जामिनाची सही केली की ते कर्ज आपल्याही अहवालात येते, हे गावात किती जणांना माहीत आहे? वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मागवता येतो. रिझर्व्ह बँकेने तशी सोय करायला लावली आहे. मेहुण्याला बोलावून थकबाकी भरायला लावली आणि फाईल पुढे सरकली.

तारणाच्या बाबतीतही मला धक्का बसला. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच केला. बँकेला धोका वाटू नये म्हणून हमी देणारा ट्रस्टही आहे. तरी या माणसाला आधीच्या ठिकाणी राहत्या घराचा उतारा आणायला सांगितले होते. मी वर्गात हा नियम शिकले होते, तो अर्जदाराला माहीत नव्हता. मधल्या कोणी तो त्याला सांगितला नाही.

माझी मुदत संपेपर्यंत फाईल मंजुरीसाठी वरच्या कार्यालयात गेली होती. पुढे मागितल्याहून थोडी कमी मर्यादा मंजूर झाली, विनातारण. माझे नाव त्या फायलीत कुठेच नाही आणि असूही नये. पण त्यातला येण्याचा तक्ता मी केलेला आहे, आणि आजवर मिळालेल्या कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा मला त्याचा अभिमान जास्त आहे.

आता कॉलेजकडे वळते. इंटर्नशिपनंतर आम्हाला प्रकल्प अहवाल द्यावा लागतो. दर वर्षी बहुतेकांचा विषय एकच असतो, अमुक बँकेच्या ग्राहकांच्या समाधानाचा अभ्यास. शंभर प्रश्नावल्या, त्यातल्या बऱ्याचशा मैत्रिणींनीच भरलेल्या, त्यांचे रंगीत गोल तक्ते, आणि शेवटी निष्कर्ष असा की बहुसंख्य ग्राहक समाधानी आहेत. मागच्या वर्षीचा अहवाल घेऊन नावे बदलणारेही असतात, आणि तोंडी परीक्षेत ते कोणाच्या लक्षात येत नाही. मी खर्चीवाल्याच्या खेळत्या भांडवलावर, नाव-गाव झाकून, अहवाल करायचा म्हटले तेव्हा 'याला नमुना संख्या काय दाखवणार?' असा प्रश्न आला. मार्गदर्शक शिक्षकांनी शेवटी परवानगी दिली, याबद्दल त्यांची मी ऋणी आहे. पण एक माणूस, त्याचे २४ माग आणि दोन वर्षांचे आकडे नीट समजून घेणे हा अभ्यास नाही, असे आपण मुलांना शिकवत असू तर बँकांना पारखी अधिकारी कुठून मिळणार?

बँकांची बाजूही लिहायला हवी. शाखेत माणसे कमी आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिले. मॅडम रात्री उशिरापर्यंत बसत. ग्राहकाची माहिती बाहेर जाऊ नये ही काळजीही अगदी योग्य आहे. पण हमीपत्र लिहून घेता येते, नावे झाकता येतात, आणि इंटर्नच्या हातात संगणकाचा पासवर्ड न देताही कागदावरचे काम शिकवता येते. माझ्या बाबतीत तसे केले गेले आणि काही बिघडले नाही. उलट कर्ज विभागाला दोन हात जास्तीचे मिळाले.

आणि एक गोष्ट अशी, जिचा बँकांनी जरूर विचार करावा. अधिकारी लांबून येतात, काही वर्षांत बदलून जातात. त्यांना इथला धंदा कळू लागतो तोवर निघायची वेळ येते. इंटर्न म्हणून येणारी मुले इथलीच असतात. माझ्या वर्गात हुपरीचा मुलगा आहे, त्याच्या घरी चांदीचे काम चालते. कोणता कारागीर कोणाची चांदी घेऊन घडवतो आणि घट किती धरतात, हे त्याला विचारा. शिरोलीच्या फौंड्रीत काम करणाऱ्याची मुलगी आहे. तासगावचा एक जण आहे, त्याच्या घरचा बेदाणा शीतगृहात असतो आणि त्या पावतीवर कर्ज कसे उचलतात ते त्याला तोंडपाठ आहे. या मुलाला उन्हाळाभर कोल्हापुरात क्रेडिट कार्डाचे फॉर्म गोळा करायला फिरवले. बेदाण्यावर कर्ज देणाऱ्या शाखेला त्याचा किती उपयोग झाला असता!

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते कशासाठी, हे आम्ही पहिल्या सत्रात शिकलो. त्याच वर्षी आपल्या अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने, बँकांनी जिल्हा हा घटक धरून तिथल्या गरजा ओळखून काम करावे असे सुचवले आणि त्यातून प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर सोपवणारी अग्रणी बँक योजना आली. आज एकूण कर्जाच्या ४० टक्के प्राधान्य क्षेत्राला (शेती, लघुउद्योग वगैरे) आणि साडेसात टक्के सूक्ष्म उद्योगांना, असे प्रमाण ठरलेले आहे. ते चांगलेच आहे. पण ते प्रमाण भरताना बँकेला सोपा अर्जदार हवा असतो. खर्चीवाला सोपा नाही. त्याला समजून घ्यायला अर्धा दिवस शेडमध्ये उभे राहावे लागते. २०२४ च्या अर्थसंकल्पात सरकारी बँकांनी लघुउद्योगांची पत त्यांच्या डिजिटल व्यवहारांवरून जोखण्याची पद्धत उभारावी अशी घोषणा झाली. तिचे मी स्वागतच करते. ज्याचा ताळेबंद नाही पण जीएसटी आणि खात्यातले व्यवहार आहेत त्याला त्यातून दार उघडेल. मात्र ते दोन अडवलेले महिने संगणकाला दिसले असते, कारण दिसले नसते. ते वहीत होते.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. कॉलेज आणि बँक यांच्यात इंटर्नशिपचा जो करार होतो त्यात निदान अर्धा काळ कर्ज विभागात जाईल असे लिहावे, आणि विद्यार्थ्याला विमा, कार्ड किंवा खाती यांचे कोणतेही टार्गेट देणार नाही असेही लिहावे. प्रत्येक विद्यार्थ्याने एका खऱ्या छोट्या धंद्याचा हिशोब समजून घेऊन अहवाल करावा. जिल्हा उद्योग केंद्र आणि यंत्रमागधारकांच्या संघटना यांनी अशा मुलांना आपल्याकडे बसू द्यावे, म्हणजे बँकेत जाण्याआधीच अर्जदाराची लाईटबिले, चलने आणि सिबिल अहवाल एका फायलीत नीट लागतील. जमेल तिथे थोडे मानधनही द्यावे. नाबार्डच्या विद्यार्थी इंटर्नशिपमध्ये ठरावीक विषयाचा अभ्यास करायला लावतात आणि महिन्याला १८,००० रुपये देतात, पण तिथे जागा मोजक्या. आम्हाला तेवढे नको. रोजचे बसभाडे आणि दुपारचे जेवण सुटले तरी शिरोळ, हातकणंगले भागातल्या खेड्यांतून येणाऱ्या मुलींना घरून 'राहू दे आता' असे ऐकावे लागणार नाही.

पुढच्या उन्हाळ्याची पत्रे कॉलेजातून बँकांना साधारण जानेवारी-फेब्रुवारीत जातात. प्राचार्यांनी आणि बँकांच्या क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी त्याआधी एकदा समोरासमोर बसून हे ठरवावे, अशी त्यांना कळकळीची विनंती आहे. आमच्या मागून येणाऱ्या मुलांपैकी ज्यांना खर्चीवाल्याची वही वाचायला शिकायची आहे, त्यांना मी रविवारी शिकवायला तयार आहे. वडीलही येतो म्हणाले आहेत.

आपली विश्वासू,
एम. बी. ए. (वित्त) द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी,
इचलकरंजी